नोनीचा राउंड

जन्मभर दारू विकली आणि स्वतः थेंबही चाखला नाही, अशी आयर्लंडमधल्या आमच्या नॉकडेरीत एकच बाई, नोनी लूसी. लहानपणी चर्चमध्ये वर्गातल्या सगळ्या पोरांबरोबर तिनेही न पिण्याची शपथ घेतली होती. बाकीच्यांची शपथ पहिल्या पगारापर्यंत टिकली, नोनीची टिकली ती टिकलीच. कॉलरवर शपथवाल्यांचा छोटासा बिल्ला लावून ती बापाच्या पबमध्ये काउंटरमागे उभी राहिली, बाप गेल्यावरही उभीच राहिली. परगावचा कुणी त्यावर हसला तर म्हणायची, "का रे बाबा, खाटीक काय रोज मटण खातो?"

स्वतः पीत नसल्यामुळेच की काय, कुणाला किती पुरे हे तिला बरोबर कळायचं. एखाद्याचं भरलं की ती तोंडाने काही बोलायची नाही. फडकं घेऊन त्याच्या पुढ्यातला काउंटर पुसायला लागायची. त्याचा ग्लास उचलायचा, खालची लाकडी फळी पुसायची, ग्लास जरा लांब ठेवायचा, परत पुसायचं. एवढं झालं की गडी टोपी घेऊन उठायचा. फडकं फिरल्यावर लूसीच्या पबमध्ये कुणी हुज्जत घातल्याचं मला तरी आठवत नाही. दारूचे तोटे सांगायला टीव्हीवर टाय लावून साहेब यायचे ना, त्या सगळ्यांपेक्षा त्या ओल्या फडक्याने गावाचं जास्त भलं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी काउंटरपाशी तीन उंच स्टुलं ठरलेली. एकावर मोसी कॉटर, गाई पाळणारा, तोंडाला कुलूप नसलेला. दुसऱ्यावर फिन्बार लिहान, रिटायर मास्तर, हाताने जरा घट्ट, पण राउंडाला कधी मागे न राहिलेला. आणि तिसऱ्यावर डोनी टूमी. डोनीने उभी हयात दुधाचा टँकर चालवला. एकटा जीव, लग्न नाही. रोज सकाळी पबवरून टँकर जायचा तेव्हा तो हॉर्न वाजवायचा आणि वरच्या खिडकीचा पडदा हलायचा. गावाने त्या दोघांचं लग्न मनातल्या मनात तीनदा लावून टाकलं होतं. त्या दोघांनी मात्र विषय काढला नाही. नोनीच्या मनात होतं का? होतं की. पण काही माणसं मनातलं बोलून दाखवण्यापेक्षा समोरच्याच्या ताटात एक बटाटा जास्त वाढतात, त्यातली ती.

आता राउंडाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. आमच्याकडे कुणी एकट्यापुरता ग्लास घेत नाही. एकाने तिघांचे घ्यायचे, ते संपले की दुसऱ्याने तिघांचे, मग तिसऱ्याने. ज्याचा राउंड आहे त्याने ओतून घेतल्याशिवाय दुसऱ्याने मधे घुसायचं नाही आणि आपला राउंड दिल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. बायकोला फसवलेला माणूस आमच्या गावात उजळ माथ्याने फिरेल, राउंड चुकवलेला नाही फिरायचा.

करोना आला आणि सेंट पॅट्रिकच्या सणाच्या तोंडावर, एका रविवारी, सरकारने पब बंद केले. ऐन सणाला पब बंद! नोनीला वाटलं, आपल्या शुक्रवारच्या पोरांना एकदम वाऱ्यावर सोडल्यासारखं होतंय. 'पोरं' म्हणजे सत्तरीच्या आसपासची. पाइंट म्हणजे नळाच्या बिअरचा मोठा ग्लास, तो काही पिशवीत घालून नेता येत नाही, म्हणून तिने फळीवरच्या व्हिस्कीच्या तीन बाटल्या काढल्या आणि तिघांच्या फाटकापाशी एकेक ठेवून आली. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. ठेवणारी कोण हे सांगायची गरजच नव्हती.

इथेच ती चुकली. तिची ही एकच चूक मला माहीत आहे, आणि तीही मायेपोटी.

फाटकावर बाटली आली म्हणजे राउंड सुरू झाला, असं मोसीने धरलं. पुढच्या शुक्रवारी त्याने डोनीच्या आणि फिन्बारच्या फाटकावर एकेक बाटली ठेवली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फिन्बारने आपला राउंड दिला. मग डोनीने. फुटबॉल क्लबची पोरं घरोघर किराणा पोचवत होती, त्यांच्याच गाडीतून हे राउंड फिरायला लागले. गाव कौतुक करायचं, बघा, जगाचं चाक थांबलं पण ह्यांचा राउंड थांबला नाही! नोनीलाही हसू यायचं. पबचं दार बंद आहे, पण पबची रीत अजून चालू आहे, असं वाटून तिला बरंच वाटायचं.

फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. पबमधला राउंड पाइंटचा होता, हा बाटलीचा होता. मोसीच्या बायकोने, नेलने, आलेली प्रत्येक बाटली कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. फिन्बार घट्टच, त्याने जिन्याखाली ओळीने मांडून ठेवल्या, पुढेमागे पाहुण्यांना होतील म्हणून. डोनीच्या घरात ना किल्ली होती, ना जिना, ना पाहुणे. शुक्रवार ते शुक्रवार लांब वाटायला लागला, तसा तो किराण्याच्या यादीत स्वतःच एक बाटली घालू लागला. मग दोन.

मे महिन्यात नोनी त्याच्याकडे जेवण घेऊन गेली. सत्तरीच्या पुढच्यांनी घरातच राहायचं असा हुकूम होता, म्हणून ती अधूनमधून डबा खिडकीत ठेवून यायची, पण तो बहुतेक वेळा आतूनच "ठेव गं, घेतो नंतर" म्हणायचा. त्या दिवशी ती थांबली. काचेवर टकटक केलं. डोनी आला. अंगात रविवारचा कोट, आत शर्टाची बटणं वरखाली लावलेली, दाढी वाढलेली. सकाळची वेळ, आणि हातात जॅमची जुनी बरणी, तिच्यात व्हिस्की. जन्मभर पाइंट पिणारा हा माणूस, व्हिस्की घ्यायचा ती कुणाच्या मयताला. हात असा थरथरत होता की बरणी खिडकीच्या चौकटीवर वाजत होती.

"काय रे हे, डोनी?"

"काय?" त्याने बरणीकडे पाहिलं. "अगं, राउंडाची आहे. फिन्बारची."

"सकाळी?"

तो हसला, पण हसू अर्ध्यावरच विझलं. "तुझ्याकडे बरं होतं, नोनी. तू फडकं फिरवायचीस. इथे कोण फिरवणार?"

नोनी डबा ठेवून परत निघाली. फाटकापाशी येईपर्यंत तिला रडू आवरलं, त्यापुढे आवरलं नाही. पहिली बाटली आपणच ठेवली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तशीच ती मोसीच्या गोठ्यावर गेली. तो लांबूनच ओरडला, "दोन मीटर, बाई, दोन मीटर!"

"बाटल्या बंद कर, मोसी. डोनी मरेल अशाने."

तिने पाहिलेलं सांगितलं. मोसीचा चेहरा पडला, पण मान हलेना. "अगं, पण मी कसा बंद करू? मागचा राउंड फिन्बारने दिला, आता डोनीचा. त्यानंतर मी थांबलो तर मी फुकट्या ठरलो. फिन्बारला सांग."

फिन्बारने दारात उभं राहून शांतपणे तेच सांगितलं, फक्त मास्तरी भाषेत. "माझी काही हरकत नाही, नोनी. मोसीने आधी थांबावं. पण समज आम्ही दोघंही थांबलो, तर डोनीला वाटेल आपल्याला राउंडातून काढलं. आणि मग त्याचं काय होईल?"

यात खोटं काहीच नव्हतं. वेडेपणा खरा, पण आमच्या रक्तातला. राउंड थांबवणारा हलका ठरतो. तिघेही एकमेकांच्या मानापायी डोनीला खड्ड्यात लोटत होते, त्यात डोनी स्वतःही होता. घरी जाऊन नोनी चहाचं आधण ठेवून विसरली. पाणी आटून किटलीचं बूड काळं झालं तेव्हा कुठे ती उठली, आणि उठली ती तिन्ही घरी फोन करायलाच.

शुक्रवारी दुपारी तिने तिघांना डोनीच्या अंगणात उभं केलं. मोसी ट्रॅक्टरवरून उतरलाच नाही, फिन्बार दगडी कठड्यावर वर्तमानपत्र अंथरून बसला आणि डोनी अर्ध्या दाराआड उभा राहिला. नोनी मधोमध.

"ह्या आठवड्याचा राउंड कुणाचा?" तिने विचारलं.

"माझा," डोनी म्हणाला. "सांगून ठेवलंय मी दुकानात."

"नाही. राउंड माझा आहे."

मोसी ट्रॅक्टरवर खो खो हसला. "तुझा? तू शपथवाली! बिल्लेवाल्यांचा कसला आलाय राउंड?"

"मोसी, इतकी वर्षं तू पाइंट घेताना काय म्हणायचास? 'आणि नोनी, तुलाही घे काहीतरी.' म्हणायचास की नाही?"

"म्हणायचो की. तू आपलं ते लेमनेड घ्यायचीस."

"फिन्बार, तूही?"

"अर्थात. म्हणजे... सणासुदीला तरी."

"आणि डोनी दर शुक्रवारी. मी घेतलं. म्हणजे मी राउंडात आहे. आणि आजवर माझ्या काउंटरवरून मी एकदा तरी कुणाला पाजलंय? तुम्ही मला फुकटी म्हणाला नाहीत हा तुमचा मोठेपणा. पण आता मला माझा राउंड द्यायचाय."

फिन्बार चष्मा काढून पुसत बसला. रीतीप्रमाणे ती बरोबर होती आणि ते तिघांनाही कळत होतं.

"बरं, दे मग," मोसी म्हणाला. "आणली आहेस का बाटली?"

"बाटली नाही. लूसीचा राउंड लूसीच्या काउंटरवरून. पाइंट, नळाचा, नीट ओतलेला. सरकार दार उघडू देईल त्या दिवशी. आणि माझा राउंड ओतून होईपर्यंत तुम्हा तिघांपैकी कुणी थेंब तोंडात घ्यायचा नाही. घेतलात तर माझा राउंड ओलांडलात असं होईल."

"अगं, दार कधी उघडणार, देव जाणे!" मोसी किंचाळला. "आणि आमचं घरातलं?"

"घरातलं नेल बघेल."

"बघतेच आहे ती," मोसी पुटपुटला.

सगळ्यांचं लक्ष अर्ध्या दाराकडे होतं. डोनी दाराची कडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. मग म्हणाला, "नोनीचा राउंड असेल तर थांबायला पाहिजे. रीत म्हणजे रीत."

बोलणं सोपं होतं. नोनीने त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी बजावलं की एवढी सवय झालेल्या माणसाने एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून गोळ्या दिल्या, नर्स पाठवली, टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. तेवढं औषधापुरतं नोनीने राउंडातून माफ केलं, आणि डोनीने तेवढंच घेतलं. तो पहिला पंधरवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. नोनी रोज जायची. डुकराचं मटण आणि कोबी, कधी मासे, बटाटे तर असायचेच. खिडकीबाहेर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसायची, तो आत जेवायचा. ती त्याला टँकरच्या वाटेवरचं विचारायची. कुठल्या फाटकाला कुत्रं होतं, कुणाची गाय आटली तेव्हा कोण रडलं. डोनीला सगळं आठवायचं. सांगता सांगता ताट रिकामं व्हायचं आणि तिच्या जिवात जीव यायचा.

जेवण विकणारे पब जूनच्या अखेरीस उघडले. नोनीच्या पबमध्ये चिप्सच्या पुड्यांपलीकडे खायला काही नव्हतं, तिला थांबावं लागलं. मोसी रस्त्यावरून ओरडायचा, "एवढं सँडविच करायला शिकली असतीस तर, बाई!" ऑगस्टमध्ये उघडणार म्हणाले, तेही पुढे ढकललं. त्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी नोनी गेली तर खिडकीत जॅमची बरणी होती. रिकामी नव्हती.

तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "माझा राउंड ओलांडलास, डोनी."

डोनीने खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशीही उघडली नाही. पाऊस होता, तरी ती छत्री घेऊन खुर्चीवर बसून राहिली आणि डबा थंड झाल्यावर उठली. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा खिडकी उघडी होती. डोनी दाढी करून, बटणं नीट लावून बसला होता. बरणी धुऊन पालथी घातली होती.

"नोनी," त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "राउंड आहे का अजून?"

"आहे तर. माझा राउंड मोडायला तू कोण रे मोठा लागून गेलास?"

त्याचे डोळे भरले. तिचेही. ताट मात्र त्याने पूर्ण संपवलं.

सप्टेंबरात हुकूम आला, उघडा. गाव हरखलं, नोनी नाही. चार महिने ती डोनीला ज्या शब्दाने धरून होती, तो शब्द आता पाळायचा होता. राउंड तिचा, ओतणारी ती. तिने पाइंट ओतला की डोनी तो पिणार, कारण दिलेला राउंड नाकारायचा नसतो. आणि एकावर तो थांबला नाही तर? ओतला नाही तर ती खोटी. त्या पावसाळी वर्षात परगण्यातले कितीतरी पब कायमचे बंद झाले. आपणही बंद करावा, असं तिच्या मनात खरोखर येऊन गेलं. बापाचं नाव असलेली पाटी उतरवायला ती शिडीही घेऊन आली. पण शिडीवर चढून तिने पाटीवरची धूळ पुसली आणि खाली उतरली.

शुक्रवारी पब उघडला. तोंडाला मास्क, टेबलं लांब लांब, आणि काउंटरपाशी बसायला मनाई. तीन उंच स्टुलं तिने आत माजघरात ठेवली होती. तिघे खिडकीशेजारच्या टेबलावर बसले, नव्या शाळेत आल्यासारखे अवघडलेले. डोनीच्या अंगात रविवारचा कोट होता. तो बारीक झाला होता, पण हात मांडीवर स्थिर होते. नोनीने आधी हातांकडेच पाहिलं.

"चल, बाई," मोसी म्हणाला, "उन्हाळाभर नेलच्या किल्लीकडे बघत काढलाय. तुझा राउंड!"

नोनीने तीन ग्लास काढले. काळ्या बिअरचा पाइंट एका दमात ओतत नाहीत. चारातले तीन हिस्से भरायचा, नळाखाली ठेवून द्यायचा, तपकिरी फेस वर चढून काळं खाली बसेपर्यंत थांबायचं, मग वरचा हिस्सा भरायचा. घाई करणाऱ्याला आमच्याकडे पब चालवू देत नाहीत. तिने तिन्ही ग्लास तीन हिस्से भरून ओळीने ठेवले. सगळे त्यांच्याकडे बघत बसले.

फेस बसला. तिने पहिला भरला, मोसीचा. दुसरा भरला, फिन्बारचा. तिसऱ्याला हात घातला तोच डोनी टेबलावरून म्हणाला, "नोनी, माझा राहू दे तसाच."

तिचा हात नळावर थांबला.

"नको म्हणत नाही मी," तो म्हणाला. "राउंड तुझा आहे, मी नाकारणार नाही. पण अजून फेस बसायचाय. बसू दे."

ग्लासातला फेस केव्हाच बसला होता. ते नोनीला दिसत होतं, मोसीला दिसत होतं, चष्मा लावलेल्या फिन्बारलाही दिसत होतं.

फिन्बार म्हणाला, "म्हणजे रीतीप्रमाणे बघायला गेलं तर राउंड पुरा झालेला नाही. आणि तो पुरा होईपर्यंत पुढचा राउंड कुणालाच देता येणार नाही."

"म्हणजे काय?" मोसी ओरडला. "यापुढे ज्याने त्याने आपापला घ्यायचा? परदेशी पाहुण्यांसारखा? अरे, हा कसला पब!" मग त्याने डोनीकडे पाहिलं. त्याने आपला ग्लास उचलला, डोनीपुढच्या रिकाम्या जागी टेबलावर हलकेच टेकवला आणि प्यायला.

नोनी मागे वळली आणि किटली चढवली. चढवायला जरा जास्तच वेळ लावला, कारण तोंड फिरवून डोळे पुसायचे होते. मग फडकं घेऊन तिने काउंटर पुसला, एरवी डोनीचं स्टूल असायचं त्यासमोरची जागा, जिथे आता कुणीच बसलं नव्हतं. आणि चहा घेऊन टेबलाकडे गेली.

पब पुढे पुन्हा बंद झाले, पुन्हा उघडले. गावातले बरेचजण आता घरीच पितात. सुपरमार्केटमधून खोकी आणतात, पबमध्ये महिन्यातून एकदा तोंड दाखवतात. पूर्वीची गर्दी परत आली नाही. लूसीचा पब चालू आहे तो नोनीच्या हट्टावर. स्टुलं काउंटरपाशी परत आली. परगावचा माणूस आला की त्याला नवल वाटतं, ह्या पबमध्ये कुणी कुणाला पाजत नाही, ज्याचं तो घेतो. आणि शुक्रवारी नळाखाली एक ग्लास तीन हिस्से भरलेला उभा असतो. पब बंद करताना नोनी तो मोरीत ओतते, पुढच्या शुक्रवारी नवा भरते. तेवढी नासाडी तिला चालते.

डोनी आला की स्टुलावर बसतो, टोपी काढतो आणि विचारतो, "काय नोनी, झाला का राउंड?"

नोनी ग्लासाकडे निरखून बघते. "नाही रे अजून. फेस बसतोय."

"बसू दे," डोनी म्हणतो आणि चहाचा कप जवळ ओढतो. "मला घाई नाही."